चीनच्या पैशाने चीन शिकावा

2018 मध्ये चीनमध्ये 4,92,185 परदेशी विद्यार्थी होते. आकडा चीनच्या शिक्षण मंत्रालयाचा. पहिला नंबर दक्षिण कोरियाचा, त्यामागे थायलंड आणि पाकिस्तान, आणि चौथा भारत: 23,198 विद्यार्थी. आकडा पाहून वाटावे, चीनच्या शिष्यवृत्त्यांचा मोठा वाटा आपल्या पदरात पडत असणार. पण हे भारतीय बहुतेक सगळे एमबीबीएस करायला गेलेले, आणि तेही घरच्या पैशाने. कुणी शेत विकून, कुणी कर्ज काढून. त्याच वर्षी 63,041 परदेशी विद्यार्थी मात्र चीन सरकारच्या शिष्यवृत्तीवर शिकत होते, म्हणजे साधारण आठांत एक. इंजिनिअरिंग, शेतीशास्त्र, चिनी भाषा, इतिहास, कायदा, सगळे विषय त्यात आले. त्या रांगेत उभे राहायचा विचार आपल्याकडे फारसा कुणी करत नाही. ज्या देशात पैसे मोजून डॉक्टर व्हायला जायचे, त्याच देशाच्या खर्चाने दुसरे काही शिकता येते हे घरोघर माहीतच नसते.

या योजनेचा कारभार 1996 मध्ये स्थापन झालेली चायना स्कॉलरशिप कौन्सिल पाहते. विद्यार्थ्यांच्या तोंडी ती नुसती ‘सीएससी’. पूर्ण शिष्यवृत्ती मिळाली की शैक्षणिक शुल्क माफ, वसतिगृह फुकट, आरोग्य विमा आणि वर दरमहा भत्ता: पदवीला 2,500 युआन, पदव्युत्तर अभ्यासक्रमाला 3,000, पीएचडीला 3,500. युआन बारा रुपयांचा धरला तर पीएचडीच्या विद्यार्थ्याला महिन्याला 42 हजार पडतात. विमानाचे तिकीट बहुधा पदरचे. हे दर 2014 च्या सप्टेंबरपासूनचे आहेत, त्यानंतर शांघायची महागाई कुठल्या कुठे गेली. बीजिंग-शांघायमध्ये त्यात ओढाताण होते, लानचौसारख्या आतल्या शहरात बरे चालते. आपल्याकडे जेआरएफ ही संशोधनाची पाठ्यवृत्ती मिळवलेल्याला 2023 पासून 37 हजार आणि घरभाडे भत्ता मिळतो. तेव्हा केवळ पैशाकडे बघून चीनला जाण्यात अर्थ नाही. पण जेआरएफ न मिळालेल्या, चांगल्या प्रयोगशाळेत काम करायची इच्छा असलेल्या मुलामुलींची संख्या आपल्याकडे थोडीथोडकी नाही. त्सिंगहुआ आणि पेकिंग ही दोन विद्यापीठे जागतिक क्यूएस क्रमवारीत पहिल्या पंचविसात आहेत. तिथे फी न भरता शिकायला मिळणे ही काही लहानसहान गोष्ट नव्हे.

अर्जाचे मुख्य रस्ते दोन. पहिला चिनी दूतावासामार्फत, दोन्ही सरकारांमधल्या कराराचा. त्यात आपल्या बाजूने केंद्रीय शिक्षण मंत्रालय नावे सुचवते, म्हणून त्यांच्या जाहिरातींवर लक्ष ठेवावे लागते. दुसरा थेट विद्यापीठामार्फत. ऑनलाइन अर्जात सुरुवातीलाच एक पाच आकडी ‘एजन्सी नंबर’ भरावा लागतो. पेकिंग विद्यापीठाचा 10001, त्सिंगहुआचा 10003. एक आकडा चुकला की अर्ज भलत्याच टेबलावर जातो. वयाची अटही कडक: पदवीला 25 च्या आत, पदव्युत्तरला 35, पीएचडीला 40.

हे सगळे झाले कागदावरचे. खरे घोडे अडते ते प्राध्यापकापाशी.

पदव्युत्तर आणि पीएचडीच्या अर्जाला वजन येते ते चिनी मार्गदर्शकाच्या स्वीकृतिपत्राने. ‘या उमेदवाराला मी विद्यार्थी म्हणून घ्यायला तयार आहे’ अशा अर्थाच्या त्या एका कागदावर बरेच काही ठरते. अर्जाच्या मुदती साधारण जानेवारी ते एप्रिलची सुरुवात. आणि नेमके याच दिवसांत चिनी नववर्ष येते, विद्यापीठांना चार-पाच आठवड्यांची हिवाळी सुट्टी लागते, प्राध्यापक गावी जातात. आपल्याकडची मुले जानेवारीत जागी होतात, एका रात्रीत पन्नास प्राध्यापकांना एकच ईमेल धाडतात: ‘रिस्पेक्टेड सर, आय वॉन्ट टू डू पीएचडी अंडर युवर काइंड गायडन्स.’ खाली कसलाच तपशील नाही, सोबत तीन पानी बायोडेटा, त्यात शाळेतल्या निबंध स्पर्धेचे बक्षीस. उत्तर येत नाही. मग ‘तिकडे आधीच सगळे ठरलेले असते’ असे म्हणत गप्प बसतात.

याउलट असे समजा. शिरोळ तालुक्यातल्या क्षारपड जमिनींवर एमएस्सीचा प्रबंध केलेली एखादी मुलगी आहे. ह्वांग हो नदीच्या मुखाशी, शांतुंग प्रांतात, अशाच खारावलेल्या जमिनींवर चिनी शास्त्रज्ञ वर्षानुवर्षे काम करत आले आहेत. तिने त्यांतल्या एकाचे दोन-तीन शोधनिबंध वाचले, आपल्या मातीच्या नमुन्यांचे आकडे अर्ध्या पानात मांडले, आणि ‘तुमची पद्धत आमच्या काळ्या मातीत चालेल का, हे मला तपासायचे आहे’ असे ऑक्टोबरात लिहिले, तर तिला उत्तर येण्याची शक्यता कितीतरी वाढते. अभ्यास आराखडा नावाचा जो कागद अर्जाला जोडायचा असतो, त्याचा अर्धा मजकूरही या पत्रव्यवहारातच तयार होतो. सायबर कॅफेतून विकत घेतलेला आराखडा तपासणाऱ्याला पहिल्या परिच्छेदातच ओळखू येतो.

कागदपत्रांतही मराठी विद्यार्थ्याची एक खास अडचण आहे. पुणे-मुंबईच्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे, आणि सोबत आईचे. पासपोर्टवर नाव आणि वडिलांचे नाव एका रकान्यात, आडनाव दुसऱ्यात. त्यात आधारवर स्पेलिंग वेगळे. आपल्याकडे हे कुणाला खटकत नाही. चिनी कचेरीतला माणूस मात्र अक्षर अन् अक्षर पासपोर्टशी ताडून पाहतो, आणि तीन कागदांवर तीन क्रमांनी आलेले नाव म्हणजे त्याच्या लेखी तीन माणसे. प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवले तर पुढची धावपळ वाचते.

वैद्यकीय तपासणीचा अर्ज तर प्रकरणच आहे. सहा महिन्यांहून जास्त राहणाऱ्याला तो लागतोच. छातीचा एक्स-रे, ईसीजी, एचआयव्ही आणि सिफिलिसची रक्ततपासणी, डॉक्टरची सही, आणि फोटोवर अर्धा व कागदावर अर्धा असा उमटलेला रुग्णालयाचा शिक्का. तो शिक्का फोटोच्या बाहेर पडला किंवा मारायचाच राहिला, तर अर्ज ग्राह्य धरत नाहीत. शिवाय ही तपासणी सहा महिनेच चालते, म्हणून फार आधी करूनही उपयोग नाही. निवड झाली की जून-जुलैच्या सुमारास प्रवेशपत्र आणि जेडब्ल्यू 201 नावाचा व्हिसाचा कागद येतो. त्यावर एक्स-1 व्हिसा मिळतो, आणि चीनमध्ये उतरल्यापासून तीस दिवसांत निवास परवाना काढावा लागतो.

भाषेबद्दल आपल्याकडे मोठा गैरसमज आहे. ‘इंग्रजीत शिकवतात’ एवढे ऐकून मुले निघतात. पदव्युत्तर आणि पीएचडीला इंग्रजीतले अभ्यासक्रम भरपूर आहेत, हे खरे. पण सरकारी शिष्यवृत्तीवर पदवीला गेलेल्यांना बहुतेक करून चिनीतच शिकावे लागते. त्यासाठी आधी एक वर्ष भाषेची तयारी करून घेतात आणि एचएसके ही भाषेची परीक्षा ठरलेल्या पातळीपर्यंत पास व्हावी लागते. 2026 च्या प्रवेशापासून पदवीच्या अर्जदारांना सीएससीए नावाची नवी चाचणीही आहे, त्यात गणित सर्वांना सक्तीचे. इंग्रजी माध्यमातल्या पीएचडीवाल्यालाही प्रयोगशाळेतल्या बैठका, यंत्रावरच्या सूचना आणि खानावळीची पाटी चिनीतच भेटते. भाषा न शिकता परतलेला माणूस पदवी घेऊन येतो, चीन घेऊन येत नाही.

एजंटांचा धंदा या सगळ्या अज्ञानावरच चालतो. ‘शंभर टक्के सीएससी’ अशी जाहिरात दिसली की समजावे, पैसे बुडायची वेळ आली. शिष्यवृत्तीच्या अर्जाला कौन्सिल पैसे घेत नाही. काही विद्यापीठे स्वतःचे अर्जशुल्क घेतात, ते काहीशे युआन असते. बाकी लाखाची गोष्ट करणारा माणूस आपल्या खिशाची गोष्ट करत असतो. इंग्रजी माध्यमाचे एमबीबीएस अनेक विद्यापीठांनी या शिष्यवृत्तीबाहेरच ठेवले आहे, तरी ‘एमबीबीएसला स्कॉलरशिप लावून देतो’ हे वाक्य दर उन्हाळ्यात नव्याने विकले जाते. त्या वाटेने गेलेल्यांचे पुढे काय झाले, हे बीजिंगच्या भारतीय दूतावासानेच सप्टेंबर 2022 मध्ये सांगितले होते: 2015 ते 2021 या काळात चीनहून आलेल्या 40,417 जणांनी भारतात वैद्यकी करण्यासाठीची परीक्षा दिली, पास झाले 6,387. हा आकडा प्रत्येक पालकाने एजंटाच्या कचेरीत पाऊल टाकण्याआधी वाचायला हवा.

आता दुसरी बाजू. चीन हे पैसे का वाटतो?

धर्मादाय म्हणून नाही, एवढे नक्की. 1950 मध्ये नव्या चीनने पूर्व युरोपातले 33 विद्यार्थी त्सिंगहुआमध्ये आणून चिनी शिकवायला सुरुवात केली, तेव्हापासून हा परराष्ट्र धोरणाचा भाग आहे. 1976 मध्ये इथिओपियातून बीजिंगला शिकायला आलेले मुलातू तेशोमे 2013 मध्ये त्यांच्या देशाचे अध्यक्ष झाले. कझाकस्तानचे आजचे अध्यक्ष तोकायेव 1983-84 मध्ये बीजिंगला भाषा शिकत होते. ‘बेल्ट अँड रोड’ हा चीनचा व्यापारी मार्गांचा प्रकल्प आला तसे त्या मार्गावरच्या देशांसाठी वर्षाला दहा हजार शिष्यवृत्त्या जाहीर झाल्या. गुंतवणूक अशी तीस-चाळीस वर्षांनी फळते, आणि चीनला थांबता येते. खुद्द चिनी जनतेला मात्र हे सगळे पसंत आहे असे नाही. आपली मुले एका खोलीत सहा-सहा जण राहतात आणि परदेशी पाहुण्यांना दोघांची खोली, हा राग जुना आहे. परदेशी विद्यार्थ्यांना चिनी ‘अभ्यासमित्र’ जोडून देण्याच्या शांतुंग विद्यापीठाच्या योजनेवरून 2019 मध्ये समाजमाध्यमांवर एवढा गदारोळ झाला की विद्यापीठाला माफी मागावी लागली.

चीनचा हेतू राजकीय आहे, म्हणून पैसे नाकारावेत असा सोवळेपणा काही जण दाखवतात. अमेरिकेची फुलब्राइट आणि ब्रिटनची चीव्हनिंग कुठे निव्वळ विद्याप्रेमातून निघाल्या? देणाऱ्याचा हेतू ओळखून घेणे आणि आपला हेतू विसरून न जाणे, एवढे पुरे. बंधने मात्र माहीत असावीत. दर वर्षी गुण आणि वर्तन तपासून शिष्यवृत्ती पुढे चालू ठेवायची की नाही हे ठरते. विद्यापीठात धार्मिक मेळावे घेता येत नाहीत. गूगल, व्हॉट्सअॅप चालत नाहीत. तिबेट किंवा शिनजियांगवर मोकळे संशोधन करायची इच्छा असेल तर दुसरा देश शोधावा. आणि सगळ्यात मोठी जोखीम 2020 मध्ये दिसली. कोविडच्या साथीत मार्चअखेर चीनने परदेशी लोकांना दार बंद केले, आणि भारतीय विद्यार्थ्यांना पुन्हा व्हिसा मिळू लागला तो ऑगस्ट 2022 मध्ये. तोवर कित्येकांचे शिक्षण मोबाइलच्या पडद्यावर उरकले. साथीसारखाच सीमेवरचा तणावही विद्यार्थ्याच्या व्हिसावर उतरू शकतो, हे गृहीत धरूनच निघावे. सध्या हवा थोडी निवळली आहे. 2025 च्या ऑक्टोबरात कोलकाता ते क्वांगचौ थेट विमानसेवा पुन्हा सुरू झाली.

तरीही जावे, असे म्हणण्याचे कारण पदवीपलीकडचे आहे. चीनमध्ये जाऊन रुग्णसेवा करणाऱ्या डॉ. कोटणीसांचे नाव महाराष्ट्रात शाळकरी पोरालाही ठाऊक असते, वसंत परांजपे मात्र फारसे कुणाला आठवत नाहीत. 1947 मध्ये ते शिष्यवृत्तीवर पेकिंग विद्यापीठात गेले, चिनी उत्तम शिकले, आणि 1954 मध्ये नेहरू माओंना भेटले तेव्हा दोघांच्या मधला दुभाषा हा मराठी माणूस होता. पुढे ते राजदूतही झाले. आज साडेतीन हजार किलोमीटरची सीमा असलेल्या शेजाऱ्याबद्दल मराठी वाचकाला जे कळते, ते बहुतेक लंडन-न्यूयॉर्कच्या वृत्तसंस्थांकडून फिरून आलेले असते. आपल्या औषध कंपन्यांचा कच्चा माल चीनमधून येतो, मोबाइलचे सुटे भाग तिथून येतात, आणि या व्यवहारांचे चिनीतले करार वाचू शकणारी माणसे शोधावी लागतात.

राज्य सरकारच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीसारख्या योजनांमुळे परदेशी शिक्षणाचा विषय आता गावोगाव पोचला आहे, पण चर्चा इंग्लंड-अमेरिकेपाशीच थांबते. आपल्या विद्यापीठांच्या आंतरराष्ट्रीय विभागांनी चिनी शिष्यवृत्तीचे वेळापत्रक नुसते फलकावर लावले, आणि तिथून परतलेल्या दोन-चार जणांना महाविद्यालयांत बोलावले, तरी एजंटांची निम्मी दुकाने ओस पडतील. त्याला ना निधी लागतो, ना मंत्रिमंडळाची मंजुरी.

ज्यांना जायचे आहे त्यांनी मात्र विद्यापीठाची वाट बघत बसू नये. पासपोर्टवरचे नाव आणि गुणपत्रिकेवरचे नाव आजच शेजारी ठेवून पाहावे, एचएसकेचा पहिला वर्ग लावावा, आणि पुढच्या सप्टेंबरच्या प्रवेशासाठी चिनी प्राध्यापकाला पहिले पत्र यंदाच्या दिवाळीच्या सुट्टीत लिहावे. जानेवारीत उशीर झालेला असतो.