घर-संसार : आधी पाणी, मग भिंती



मुंबईत, पिंपरी-चिंचवडला जन्मभर राबून झाले की मन गावाकडे ओढ घेते. फंडाचे पैसे हाती येतात आणि जुन्नर-आंबेगावकडच्या आपल्या वस्तीत दोन खोल्या बांधायचे ठरते. गवंडी विचारतो, "स्लॅब की पत्रा?" घरातली बाई विचारते, "पाणी कुठून आणायचे?" आमचे सांगणे एवढेच की, बाईचा प्रश्न आधी सोडवा. पुष्कळ घरांत पैसा भिंती, स्लॅब आणि रंगात संपतो. नळ आणि संडास 'पुढच्या वर्षी'वर जातात आणि हंडा म्हाताऱ्या आईच्या डोक्यावर तसाच राहतो.

लेण्याद्रीचा डोंगर आपण पाहिलेला आहे. कुकडी नदी खाली, भिक्खूंचे निवास वर कातळात. म्हणून लेण्यांबरोबर पावसाचे पाणी साठवायला कातळातच टाकी खोदली. जुन्नर परिसरातल्या शिलालेखांत अशा टाक्यांना 'पोढी' म्हटले आहे. लेण्याचे दान जसे कोरून ठेवले, तसेच पोढीचेही. निवारा आणि पाणी यांचा विचार तेव्हाही एकत्रच होत होता.

आता आपल्या घराचा क्रम पाहू.

पहिले काम कागदाचे. जागा कोणाच्या नावावर आहे ते ग्रामपंचायतीच्या नमुना ८ च्या उताऱ्यावर पाहा. भाऊबंदांची संमती लेखी घ्या, बांधकामाची परवानगी काढा. उताऱ्यावर पत्नीचेही नाव लावा. रमाई आवास योजनेतून घरकुल मिळणार असेल तर हप्ते कामाच्या टप्प्याप्रमाणे येतात, हे धरूनच खर्चाचा हिशेब करा.

दुसरे, पाऊस कसा वाहतो ते पाहा. पाया खणण्याआधी एक पावसाळा ती जागा नजरेखालून घाला. आंबेगाव तालुक्यात ३० जुलै २०१४ रोजी माळीण गावावर डोंगर कोसळला आणि दीडशेच्या आसपास माणसे गेली. २०१७ साली गावकऱ्यांना नवी घरे मिळाली. पण त्याच वर्षीच्या पहिल्या पावसात तिथे भराव खचला, रस्ते व गटारे यांचे नुकसान झाले. म्हणून उताराच्या जागी वरच्या अंगाला चर आणि ताल आधी, जोते नंतर. ताज्या भरावावर पाया घालू नका.

तिसरे, पाणी. नळजोडासाठी अर्ज करा आणि साठवणीची टाकी आधी बांधा. पाणी नुसते पिण्यासाठी लागत नाही. विटा भिजवायच्या, काँक्रीट कालवायचे, गिलाव्यावर पाणी मारायचे, स्लॅबवर आळी करून निदान दहा-पंधरा दिवस पाणी साठवायचे. पाणी कमी पडले की स्लॅबला चिरा पडतात. तेव्हा दिवाळीनंतर पाया खणा आणि विहिरींना पाणी आहे तोवर, होळीच्या आत स्लॅब उरका. एप्रिल-मेमध्ये टँकर विकत घ्यावा लागला की सिमेंटचे पैसे पाण्यात जातात.

चौथे, संडास. खड्ड्यांचे खोदकाम पायाबरोबरच करून घ्या. जेसीबीचे भाडे एकदाच पडते. जुन्नर भागात उसात बिबट्या असतो. अंधारात बाहेर जाणाऱ्या बाईला आणि लेकराला हा धोका रोजचा आहे. विहिरीपासून खड्डा निदान दहा मीटर दूर आणि उताराच्या खालच्या अंगाला असावा. मुरमाड जागेत दोन शोषखड्ड्यांचा संडास उत्तम. एक भरला की पाणी दुसऱ्यात वळवायचे. दोन वर्षे बंद राहिलेल्या पहिल्या खड्ड्यात मैल्याचे कोरडे खत होते. सेप्टिक टाकी बांधली तर ती कधीतरी उपसावी लागते. सुरक्षेच्या साधनांशिवाय माणसाला त्यात उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. अशा टाक्यांत गुदमरून मेलेली माणसे कोणत्या समाजाची असतात, हे आपल्याला सांगायला नको. निदान आपल्या अंगणात ती पाळी कोणावर येऊ देऊ नका.

पाचवे, वीज. बांधकामासाठी शेजाऱ्याच्या घरातून वायर ओढू नका. तात्पुरते मीटर घ्या. ओल्या जागेतली उघडी वायर जीव घेते. बाहेरचा एक दिवा संडासाच्या वाटेवर पडेल असा धरा.

यानंतर पाया आणि जोते. जोत्यात मुरूम भरण्याआधी सांडपाण्याचे पाइप टाका. स्लॅब ओतण्याआधी विजेच्या नळ्या आत घाला. गिलाव्याआधी भिंतीतले नळ व वायरिंग संपवा. मग लादी आणि सर्वांत शेवटी रंग. हा क्रम चुकला की केलेले काम फोडावे लागते आणि गवंड्याची मजुरी दोनदा भरावी लागते.

पैसे कमी पडले तर एक खोली कमी बांधा, रंग राहू द्या, लादीऐवजी कोबा करा. ती कामे मागाहून होतात. पाणी, संडास आणि दिवा मात्र पहिल्या रात्रीपासून हवेत. गवंड्याला विसार देण्याआधी नवरा-बायकोने एकत्र बसून हा क्रम वहीत लिहावा, आणि प्रत्येक कामापुढे रक्कम बाईच्या सल्ल्याने मांडावी.