विकलेली दर्शनी फळी

घरबसल्या पुस्तक मिळू लागताच ग्रंथविक्रीच्या जुन्या पेढ्यांचे दिवस भरले, असे मानले जाऊ लागले. ब्रिटनमधील ‘वॉटरस्टोन्स’ २०११ साली बुडण्याच्या बेतात होती. त्या वर्षी सूत्रे स्वीकारणाऱ्या जेम्स डाँट यांनी पहिला घाव घातला तो पेढीच्या हुकमी उत्पन्नावरच! दर्शनी फळीसाठी प्रकाशक मोजीत असलेला पैसा त्यांनी नाकारला. पुस्तकांची निवड त्या त्या दुकानावर सोपविली. न खपता परत जाणाऱ्या प्रती घटल्या, पेढी पुन्हा नफ्यात आली. (कित्येक व्यवस्थापकांना मात्र पायउतार व्हावे लागले, गोडवे गाणाऱ्यांना हे आठवत नाही.) २०१९ पासून अमेरिकेतील ‘बार्न्स अँड नोबल’मध्येही त्यांनी हेच धोरण राबविले. आपल्याकडे जीर्णोद्धाराच्या नावाखाली प्रथम काचा आणि वातानुकूलन येते. फळीवर काय मांडावे हे जाणणारा जुना विक्रेता बहुधा त्याआधीच घरी बसविला जातो.