आतषबाजीचे चित्र आणि धुराची किंमत

दिवाळीच्या रात्री आतषबाजीची छायाचित्रे टिपण्याचा छंद आता घरोघरी पोहोचला आहे. त्याचे तंत्र फारसे अवघड नाही. कॅमेरा तिपाईवर स्थिर करावा, फ्लॅश बंद ठेवावा आणि शटर दोन ते आठ सेकंद उघडे ठेवावे. डोळ्यांना क्षणमात्र दिसणाऱ्या ठिणगीचा सारा प्रवास मग प्रकाशरेषेच्या रूपाने उमटतो. लाल रंग स्ट्रॉन्शियमचा, हिरवा बेरियमचा आणि निळा तांब्याचा.

परंतु या छंदात मुरलेला माणूस आणखी एक गोष्ट जाणतो. उत्तम चित्र मिळते ते पहिल्या काही मिनिटांतच. पुढे धूर साचतो आणि रेषा त्यात विरून जातात. अर्थशास्त्राच्या अध्यापकाला यात आपल्या विषयातील एक जुना धडा दिसतो. फटाक्याची किंमत विकत घेणारा देतो. धुराची किंमत मात्र शेजारचा दमेकरी चुकती करतो. दुकानदाराच्या पावतीवर तिची नोंद नसते.

उलट, आकाशात फुललेली शोभा हजारोंना एकाच वेळी पाहता येते. एकाने पाहिल्यामुळे दुसऱ्याच्या वाट्याला ती कमी येत नाही. मग प्रत्येक दारी स्वतंत्र आतषबाजी कशासाठी? सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१८ च्या आदेशात दिवाळीसाठी रात्री आठ ते दहा ही वेळ घालून दिली. त्याचबरोबर सामुदायिक आतषबाजीची शक्यता अजमावण्यासही राज्यांना सांगितले. वेळेची चर्चा पुष्कळ झाली. दुसऱ्या सूचनेकडे मात्र तितकेसे लक्ष गेले नाही.

वर्गणी न देणारेही फुकट पाहतील, हा आक्षेप खरा आहे. पण गणेशोत्सवाचा मांडव आपण याच अडचणीसह वर्षानुवर्षे उभारत आलो आहोत. शिवकाशीच्या कामगारांचे काय, हा प्रश्न अधिक गंभीर आहे. त्यांची रोजी हिरावली जाऊ नये, हे निःसंशय. तथापि सप्टेंबर २०१२ मध्ये शिवकाशीजवळच्या एका कारखान्यातील स्फोटात तीसहून अधिक माणसे दगावली, हेही विसरून चालणार नाही. मागणी घटली तर त्यांना दुसरे काम मिळवून देण्याची जबाबदारी शासनाने स्वीकारलीच पाहिजे.

नगरपालिकांनी येत्या दिवाळीपूर्वी प्रत्येक प्रभागात एक मैदान आणि एक वेळ ठरवून हा प्रयोग करून पाहावा. तिपाई कोठे लावायची हे छायाचित्रकाराला आधी कळेल, आणि दमेकऱ्याला खिडकी उघडी ठेवून झोपता येईल.