अभिव्यक्तिस्वातंत्र्य आणि पालघरचे दोन धडे

पालघर हे नाव आमच्या वाचकांना परके नाही. आपल्यापैकी कित्येकांची नोकरी, शेती किंवा सोयरीक त्या परिसराशी निगडित आहे. या नावाशी साडेसात वर्षांच्या अंतराने दोन घटना जोडल्या गेल्या. २०१२ साली दोन तरुणींना समाजमाध्यमावरील दोन-चार वाक्यांपायी अटक झाली. २०२० साली एका अफवेपायी तीन निरपराध माणसांचे प्राण गेले. पहिल्या वेळी कायदा नको तितका जागरूक निघाला, दुसऱ्या वेळी पोलीस समोर उभे असूनही कायदा हतबल ठरला. बोलण्याचे स्वातंत्र्य कोठवर असावे, यावर सध्या घराघरांत वाद झडतात. या दोन घटना शेजारी ठेवून पाहिल्यास त्या वादात पुष्कळसा प्रकाश पडेल, असे आम्हांस वाटते.

१७ नोव्हेंबर २०१२ रोजी शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे यांचे निधन झाले. दुसऱ्या दिवशी मुंबई व आसपासचे सर्व व्यवहार बंद होते. पालघरच्या एका एकवीस वर्षांच्या तरुणीने फेसबुकवर लिहिले की माणसे रोज जन्मतात आणि मरतात, त्यासाठी बंद पाळण्याचे कारण नाही. तिच्या मैत्रिणीने त्या मजकुराला पसंती दर्शविली. एवढ्यावरून एका स्थानिक कार्यकर्त्याने तक्रार केली, जमावाने मुलीच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड केली आणि पोलिसांनी दोघींना अटक केली. मजकूर उद्धट होता की नव्हता, शोकाच्या प्रसंगी तो शोभला की नाही, यावर मतभेद होऊ शकतो. तथापि, त्यात कोणालाही मारण्याची भाषा नव्हती. पुढे दोन पोलीस अधिकारी निलंबित झाले आणि प्रकरणही बंद करण्यात आले. परंतु त्या दोन मुलींनी जी भीती अनुभवली ती कोणत्याही आदेशाने पुसली गेली नसेल.

या अटकेसाठी वापरलेल्या तरतुदींपैकी एक म्हणजे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ. ‘त्रासदायक’, ‘गैरसोयीचे’, ‘अत्यंत आक्षेपार्ह’ अशा सैल शब्दांवर ते उभे होते आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंत होती. कोणाला केव्हा कशाचा त्रास होईल, हे लिहिणाऱ्याने कसे ओळखावे? पालघरची बातमी वाचून श्रेया सिंघल या कायद्याच्या विद्यार्थिनीने सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. २४ मार्च २०१५ रोजी न्या. चेलमेश्वर व न्या. नरिमन यांच्या खंडपीठाने हे कलम घटनाबाह्य ठरविले. त्या निकालाने एक साधी, सर्वांना समजेल अशी पायरी आखून दिली. एखाद्या विषयाची चर्चा करणे ही पहिली पायरी, एखाद्या मताचा हिरिरीने पुरस्कार करणे ही दुसरी आणि चिथावणी देणे ही तिसरी. पहिल्या दोन पायऱ्या, कितीही अप्रिय वाटल्या तरी, स्वातंत्र्याच्या कक्षेत येतात. कायद्याने हात घालावयाचा तो तिसऱ्या पायरीवर.

ही कल्पना आपल्या राज्यघटनेला धरूनच आहे. मे १९५० मध्ये, प्रजासत्ताक होऊन जेमतेम चार महिने लोटले असताना, मुंबईहून निघणाऱ्या ‘क्रॉस रोड्स’ या साप्ताहिकावर मद्रास सरकारने घातलेली बंदी सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली. त्यानंतर १९५१ साली पहिली घटनादुरुस्ती झाली. अनुच्छेद १९(२) मध्ये सार्वजनिक सुव्यवस्था, परराष्ट्रांशी मैत्रीसंबंध आणि गुन्ह्यास चिथावणी ही कारणे आली, परंतु त्याचबरोबर निर्बंध ‘वाजवी’ असला पाहिजे हा महत्त्वाचा शब्दही आला. आज त्या अनुच्छेदात आठ कारणे आहेत. राष्ट्राची एकात्मता आहे, सुरक्षितता आहे, सभ्यता व नीतिमत्ता आहे, न्यायालयाचा अवमान आणि अब्रुनुकसानीही आहे. ‘भावना दुखावणे’ हे स्वतंत्र कारण मात्र त्या यादीत नाही. धर्मभावनेच्या अपमानाबद्दल जुन्या दंडसंहितेत कलम २९५-अ होते, नव्या भारतीय न्याय संहितेत ते २९९ क्रमांकाने आले आहे. तेथेही अपमान हेतुपुरस्सर व दुष्ट बुद्धीने केलेला असावा लागतो. १९५७ साली सर्वोच्च न्यायालयाने ते कलम वैध ठरविले ते सार्वजनिक सुव्यवस्थेच्या आधारावर.

कागदावरची मर्यादा अशी पुरेशी स्पष्ट आहे. प्रश्न आहे तो ती कोणावर लागू होते याचा. येथे आम्हांला १९९२-९३ च्या मुंबई दंगलीची आठवण होते. अधिकृत आकड्यानुसार त्या दोन महिन्यांत नऊशे माणसे मृत्युमुखी पडली. त्या दिवसांतील काही वृत्तपत्रीय लिखाणाने आगीत तेल ओतले, असा निष्कर्ष न्या. श्रीकृष्ण आयोगाने काढला आणि त्यात ‘सामना’चे नाव होते. राज्याचे माजी मुख्य सचिव जे. बी. डिसोझा यांनी त्या अग्रलेखांविरुद्ध कारवाई व्हावी म्हणून उच्च न्यायालयात याचिका केली. १९९४ साली ती फेटाळली गेली. लेख समग्रपणे वाचता टीका एका संपूर्ण समाजावर नसून त्यातील देशविरोधी घटकांवर आहे, असे न्यायालयाचे मत पडले. सर्वोच्च न्यायालयानेही हस्तक्षेप केला नाही. पुढे जुलै २००० मध्ये ‘सामना’चे संस्थापक-संपादक बाळासाहेब ठाकरे यांना अटक झाली, तेव्हा दंडाधिकाऱ्यांनी मुदत उलटून गेल्याच्या कारणावरून त्याच दिवशी खटला निकाली काढला.

दिवंगत नेत्याविषयी आमच्या मनात आकस नाही आणि न्यायालयांच्या हेतूविषयी शंकाही नाही. आम्हांला फक्त दोन वेळापत्रके शेजारी ठेवावयाची आहेत. दंगलीच्या काळातील अग्रलेखांबाबत कायद्याला सात वर्षे लागली आणि शेवटी मुदत संपली. फेसबुकवरील मजकुराबाबत एक रात्र पुरली. वाणीची मर्यादा शब्दांच्या घातकतेवरून न ठरता बोलणाऱ्याच्या बळावरून ठरू लागली, की तिला न्याय म्हणता येत नाही. ज्याच्यामागे जमाव आहे त्याची चिथावणी ‘जनभावना’ ठरते आणि ज्याच्यामागे कोणी नाही त्याचे मत ‘गुन्हा’ ठरते.

आता दुसरी घटना. एप्रिल २०२०, टाळेबंदीचे दिवस. पालघर जिल्ह्यातील आदिवासी पाड्यांत मुले पळविणारे, मूत्रपिंड काढून नेणारे चोर रात्री फिरतात, अशी अफवा भ्रमणध्वनीवरून पसरली होती. १६ तारखेच्या रात्री मुंबईहून सुरतेकडे अंत्यविधीसाठी निघालेले दोन साधू व त्यांचा वाहनचालक गडचिंचले येथे जमावाच्या हाती सापडले. पोलिसांच्या देखत त्यांना ठार मारण्यात आले. अशी हत्या आपल्या राज्यात पहिली नव्हती. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच भिक्षेकऱ्यांचा अशाच अफवेने बळी घेतला होता.

गडचिंचलेत अफवेपाठोपाठ प्रचार आला, हे विशेष लक्षात घ्यावे. साधू मारले गेले म्हणजे मारणारे परधर्मीय असणार, असे संदेश देशभर फिरू लागले. राज्याच्या तत्कालीन गृहमंत्र्यांना अटक झालेल्या १०१ जणांची यादी जाहीर करून त्यांत एकही मुस्लिम नाही, असे सांगावे लागले. मग काही प्रचारकांनी ख्रिस्ती मिशनऱ्यांकडे बोट वळविले. तीन चितांचा धूर विरण्याआधीच त्या मृत्यूंचा राजकीय उपयोग सुरू झाला होता.

अफवा आणि प्रचार यांत फरक आहे. अफवेला बहुधा कर्ता नसतो, ती भीतीतून जन्मते. प्रचाराला कर्ता असतो, हेतू असतो आणि धीर असतो. तो क्वचितच निखालस खोटे बोलतो. एक खरी घटना घेतो, तिच्यातले गैरसोयीचे तपशील वगळतो, एका व्यक्तीच्या कृत्याचा दोष साऱ्या समाजावर टाकतो आणि तेच इतक्या वेळा सांगतो की ऐकणाऱ्यास ते स्वतःचेच मत वाटू लागते. ‘त्यांना मारा’ असे तो म्हणत नाही, म्हणून तो चिथावणीच्या कलमात सापडत नाही. ‘ते कसे आहेत हे आपणांस ठाऊकच आहे’ एवढेच तो म्हणतो. उरलेले काम एखाद्या रात्री, एखाद्या पाड्यावर, त्याच्या गैरहजेरीत पार पडते.

मग यावर अधिक कडक कायदा हा उपाय आहे काय? असे म्हणण्याआधी आपण आपल्याच घरात डोकावून पाहू. २००६ साली ‘द दा विंची कोड’ हा चित्रपट आला, तेव्हा बंदीची मागणी करणाऱ्यांत आपला कॅथलिक समाज पुढे होता. आंध्र प्रदेश सरकारने बंदी घातली आणि तेथील उच्च न्यायालयाने ती उठविली. पुढे काय झाले? चित्रपट आला, गेला आणि कोणाची श्रद्धा त्याने डळमळली असे आमच्या तरी पाहण्यात नाही. मात्र ‘भावना दुखावल्या’ या शब्दाचे वजन आपण आपल्या हाताने वाढविले. आज तोच शब्द आपल्या प्रार्थनासभांविरुद्ध, आपल्या पुस्तिकांविरुद्ध वापरला जातो, तेव्हा आपण चकित होतो. अल्पसंख्य समाजाने सैल कायद्याची मागणी करणे म्हणजे शेजाऱ्याच्या हाती आपल्याच घराची किल्ली देणे होय.

दुसरे उदाहरण अधिक घरगुती आहे. प्रभू येशूवर एक अश्लील चित्रपट येत आहे, तो रोखण्यासाठी हा संदेश दहा जणांना पाठवा, असा मजकूर आपल्यामध्ये वर्षानुवर्षे फिरतो आहे. पूर्वी तो पत्राने येई, मग ई-मेलने आला, आता व्हॉट्सॲपवर येतो. त्यात वर्णन केलेला चित्रपट कधी प्रदर्शित झालाच नाही. तरीही दरवेळी कोणीतरी श्रद्धाळू मनुष्य तो धर्मग्रामाच्या गटावर टाकतो. हेतू भक्तीचा असतो, परिणाम मात्र प्रचाराचाच होतो. कोणीतरी अज्ञात शत्रू आपल्यावर टपून बसला आहे, ही भावना मनात रुजते.

खऱ्याखोट्याचा निवाडा सरकारवर सोपविणे हाही मार्ग धोक्याचा आहे. केंद्र सरकारविषयीचा कोणता मजकूर खोटा हे सरकारच्याच कक्षाने ठरवावे, अशी तरतूद २०२३ साली नियमांत आली होती. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये ती रद्द केली. आपल्याच खटल्यात कोणी न्यायाधीश होऊ नये, हे तत्त्व कोणत्याही पक्षाच्या सरकारला लागू आहे.

आमच्या मते कायद्याची रेषा अरुंद असावी, पण ती सर्वांसाठी सारखीच ठाम असावी. हिंसेची चिथावणी देणारा कोणत्याही धर्माचा, पक्षाचा वा पदाचा असो, त्याच्यावर तक्रारीची वाट न पाहता गुन्हा नोंदवावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये तीन राज्यांना आणि एप्रिल २०२३ मध्ये सर्व राज्यांना बजावले. दुसरीकडे, २८ मार्च २०२५ रोजी खासदार इम्रान प्रतापगढी यांच्या कवितेवरील गुन्हा रद्द करताना त्याच न्यायालयाने सांगितले की शब्दांचा परिणाम खंबीर, विचारी माणसाच्या मापाने मोजावा, ज्याला पदोपदी धोका दिसतो त्याच्या मापाने नव्हे. स्वातंत्र्यापूर्वी नागपूरच्या न्यायासनावरून न्या. विव्हियन बोस यांनी हाच दंडक घालून दिला होता. हे दोन्ही आदेश एकत्र वाचले पाहिजेत. पहिला आवडतो आणि दुसरा आवडत नाही, असे म्हणणाऱ्यास न्याय नको असतो, सोय हवी असते.

तथापि, न्यायालयाचे आदेशही पोलीस ठाण्यापर्यंत पोहोचावे लागतात. कलम ६६-अ रद्द झाल्यानंतरही त्याखाली गुन्हे नोंदले जात राहिले आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयास पुन्हा बजवावे लागले. मेलेल्या कलमाची ही कथा असेल, तर प्रचाराविरुद्ध केवळ कायद्यावर विसंबणे किती भाबडेपणाचे ठरेल!

म्हणून उरलेला भार तुमच्या-आमच्यावर येतो. पोप फ्रान्सिस यांनी जानेवारी २०१८ मध्ये प्रसारमाध्यम दिनाच्या संदेशात खोट्या बातमीचा उगम उत्पत्तीच्या पुस्तकातील सर्पापर्यंत नेला होता. अर्धसत्याने भुलविणारा तो पहिला प्रचारक. खोटी साक्ष न देण्याची आज्ञा आपण लहानपणी पाठ केली. दुसऱ्याने लिहिलेली खोटी साक्ष पुढे पाठविणे हाही तिचाच भंग आहे, हे आता शिकावयाचे आहे.

संदेश येताच तीन प्रश्न विचारावेत: हे कोणी म्हटले, केव्हा घडले आणि यात कोणाचा द्वेष करावयास सांगितले आहे? पहिल्या दोहोंचे उत्तर नसेल आणि तिसऱ्याचे असेल, तर तो संदेश तेथेच थांबवावा. तो आपल्या बाजूचा असेल तर अधिकच तत्परतेने थांबवावा, कारण आपल्या बाजूचे खोटे आपल्याला सर्वांत गोड लागते.

आणि उद्या पालघरमध्ये, वसईत किंवा अन्य कोठे एखादी मुलगी आपल्याला न आवडणारे दोन शब्द लिहील, तेव्हा तिच्या दारापुढे जमणाऱ्या गर्दीत आपण नसावे. तिचे म्हणणे आपल्याच श्रद्धेला बोचणारे असेल, तर तिला उत्तर द्यावे, सौम्य शब्दांत आणि स्वतःच्या नावानिशी. तेवढे स्वातंत्र्य तिला दिले, तरच ते आपल्यासाठीही उरेल.