सहकाऱ्याची चूक दाखवताना

सत्ताधाऱ्यांची चूक चव्हाट्यावर मांडणे समाजवादी कार्यकर्त्याला कधीच जड गेलेले नाही. त्याची पंचाईत होते ती शेजारी बसलेला सहकारी चुकतो तेव्हा. मग एक तर ‘आपलाच माणूस’ म्हणून मौन पाळले जाते, नाही तर वर्षभर साठलेले सारे एकाच बैठकीत बाहेर पडते. दोहोंची किंमत या चळवळीने मोजलेली आहे.

ऑगस्ट १९५४ मध्ये त्रावणकोर-कोचीनच्या दक्षिणेकडील तमिळभाषक तालुक्यांत पोलिसांनी निदर्शकांवर गोळीबार केला. माणसे मारली गेली. राज्यात पट्टम थाणू पिल्ले यांचे प्रजा समाजवादी मंत्रिमंडळ होते. पक्षाचे सरचिटणीस राममनोहर लोहिया तेव्हा नैनीच्या तुरुंगात होते. तेथून तार पाठवून त्यांनी मंत्रिमंडळाचा राजीनामा मागितला. त्यांची मागणी मूलतः रास्त होती. काँग्रेस राजवटीतील गोळीबारांचा जाब विचारणाऱ्या पक्षाला स्वतःच्या राजवटीसाठी निराळे माप वापरता येत नाही. आणि जेथे रक्त सांडले तेथे सौजन्याच्या नावाखाली गप्प बसणे हा मृतांवर दुसरा अन्याय ठरला असता.

परंतु तारेला समोरासमोरच्या चर्चेची सर येत नाही. मंत्रिमंडळ हटले नाही, कार्यकारिणीने राजीनाम्याचा आग्रह धरला नाही, लोहियांनी सरचिटणीसपद सोडले. नोव्हेंबरात नागपूरच्या अधिवेशनापर्यंत प्रकरण गेले, तोवर गोळीबाराचा मूळ मुद्दा मागे पडून कोण कोणाच्या बाजूचा याचीच मोजदाद सुरू झाली होती. पुढे १९५५ मध्ये अशोक मेहता यांच्या भूमिकेवर जाहीर टीका केल्याबद्दल मधू लिमये निलंबित झाले. टीकेला उत्तर देण्यापेक्षा टीकाकाराला दार दाखवणे नेहमीच सोपे असते! वर्ष सरता सरता लोहियांचा वेगळा पक्ष उभा राहिला. ज्या मंत्रिमंडळापायी हे सारे घडले, ते तर फेब्रुवारीतच कोसळले होते.

याच्या शेजारी १९२८ चा पत्रव्यवहार ठेवून पाहावा. मद्रास काँग्रेसमध्ये नेहरूंनी पुढाकार घेऊन संमत करवलेला स्वातंत्र्याचा ठराव गांधीजींना उतावळेपणाचा वाटला. जानेवारीच्या प्रारंभी त्यांनी नेहरूंना पत्राने तसे रोखठोक कळवले, ‘यंग इंडिया’तही टीका केली. नेहरूंनी उलट गांधीजींच्या एकंदर विचारसरणीवरच हल्ला चढवला. त्यावर गांधीजींनी मतभेद एवढे खोल असतील तर ते लपवू नयेत, खुशाल वेगळे निशाण उभारावे, असे सुचवले. शब्दांत कोठेही मिळमिळीतपणा नव्हता. तरीही १९२९ मध्ये लाहोरच्या अध्यक्षपदासाठी गांधीजींनी पुढे केले ते नेहरूंचेच नाव. आणि तेथे पूर्ण स्वराज्याचा ठराव मांडला तो स्वतः गांधीजींनी. दुरुस्ती करायला निघालेल्यालाही कधी स्वतःची दुरुस्ती करावी लागते, ती अशी.

शाखापातळीवर गोळीबाराएवढे गंभीर प्रश्न क्वचितच येतात. तेथे वाद असतो तो निधीच्या हिशेबाचा, चुकीच्या आकड्यांवर ठोकलेल्या भाषणाचा, न झालेल्या सभेच्या अहवालाचा. हिशेब तीन महिने आला नसेल तर चिटणिसाने भर बैठकीत खजिनदाराच्या प्रामाणिकपणावर घसरू नये. आधी त्याच्या घरी जाऊन वही आणि पावतीपुस्तके त्याच्यासोबत बसून तपासावीत. पैसा लोकांचा आहे. तेव्हा रक्कम जुळली नाही तर विषय बैठकीत आलाच पाहिजे, मात्र तो नेमक्या आकड्यासह यावा, आणि खजिनदाराला आठ दिवस आधी तसे कळवलेले असावे.