भाकरीचा राखणदार

मागील अंकात ‘ठेव’ आणि ‘ठेवा’ या दोन शब्दांतील अंतर आपण पाहिले. या वेळी जरा दूर, हजार-बाराशे वर्षांपूर्वीच्या इंग्लंडात जाऊ. त्या काळची इंग्रजी आजच्या इंग्रजालाही शिकल्यावाचून वाचता येत नाही. परंतु जपणे, राखणे, सांभाळणे यांसाठी तिने घडविलेले शब्द व्यापारी घरात वाढलेल्या माणसाला परके वाटू नयेत.

‘लॉर्ड’ हाच शब्द घ्या. उमरावाला आणि देवालाही लागणाऱ्या या शब्दाचे मूळ रूप ‘ह्लाफवेअर्ड’. ‘ह्लाफ’ म्हणजे भाकरी, ‘वेअर्ड’ म्हणजे राखणदार. ‘लेडी’ ही मुळात ‘ह्लॅफडीये’, भाकरीचे पीठ मळणारी. आणि केंट राज्याच्या 7व्या शतकातील कायद्यात धन्याच्या आश्रिताला ‘भाकरी खाणारा’ असे नाव आहे. सत्तेचा शब्द तलवारीवरून न घडता कोठीवरून घडला, याचे मला आजही नवल वाटते. ‘एडवर्ड’ या राजनामातही हाच राखणदार आहे. तो समृद्धीचा राखणदार, म्हणजे आपला धनपालच.

त्या कोठीची किल्ली असे गृहिणीकडे. 11व्या शतकातील क्नूट राजाच्या कायद्यात याविषयी एक कलम आहे. पतीने चोरीचा माल घरात आणला, तर पत्नी दोषी ठरत नसे. मात्र तो तिच्या किल्लीखालच्या जागेत सापडला, तर ठरे. अशा जागा तीन सांगितल्या आहेत: कोठीची खोली, पेटी आणि संदूक. घरात काय आणावे याला ती मनाई करू शकत नव्हती, पण या तीन जागांचा जाब तिलाच द्यावा लागे. पूर्वी लोभी लोक पाळण्यातील मुलालाही चोरीत गोवत, त्यालाही या कायद्याने बंदी घातली. कमरेच्या जुडग्याचा मान आपल्याकडील आज्यांनाही ठाऊक होता. तेथे त्या मानाबरोबर शिक्षेची जोखीमही होती.

‘बॉरो’, म्हणजे उसने घेणे, या शब्दाची कथा तर पेढीवरचीच. ‘बेओर्गन’ म्हणजे रक्षण करणे, वाचविणे. त्याच कुळातील ‘बोर्ग’ म्हणजे जामीन, आणि जामिनावरची देवघेव ती ‘बॉरो’. (तटबंदीचे ठाणे दाखविणारा ‘बुर्ग’ही याच कुळातला, ‘कँटरबरी’तील ‘बरी’ तीच.) मराठीत कर्जामागे ठेवलेल्या वस्तूला आपण ‘तारण’ म्हणतो, तारणे म्हणजे वाचविणे. एकमेकींची ओळखही नसलेल्या दोन भाषांना कर्जाच्या पोटी रक्षणच दिसावे, हे मोठे सुंदर आहे. आजच्या इंग्रजीत ‘बॉरो’ राहिला, त्यातील जामीन मात्र कोणाला दिसत नाही.

कोठीच्या खोलीला ‘होर्डर्न’ म्हणत. ‘होर्ड’ म्हणजे भांडार. मठातील भांडारी तो ‘होर्डेरे’, आणि ‘वोर्डहोर्ड’ म्हणजे शब्दभांडार. समासही अगदी आपल्यासारखा. ‘बेओवुल्फ’ या जुन्या काव्यात ‘होर्डवेअर्ड’, भांडाराचा राखणदार, हा शब्द दोघांसाठी येतो. एक ह्रोथगार राजा, जो दालनात घोडे आणि शस्त्रे मुक्त हस्ताने वाटतो. दुसरा अग्नी ओकणारा सर्प. तो पुरलेल्या सोन्यावर 300 वर्षे बसून असतो. त्याला त्या सोन्याचा उपयोग काहीच नाही, तरी एक पेला चोरीस गेला म्हणून तो घरे जाळत सुटतो. धनावर बसलेला भुजंग आपल्या गोष्टींतही आहे, पण दात्या राजाला आणि भुजंगाला एकच नाव देण्याचे धाडस आपल्या गोष्टींनी केल्याचे मला आठवत नाही.

1066मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले. पुढे खजिन्याचे प्रतिष्ठित शब्द फ्रेंचमधून आले: ‘ट्रेझर’, ‘ट्रेझरर’. ‘होर्डेरे’ लोपला. ‘होर्ड’ उरला तो दडविलेल्या साठ्यापुरता, आणि आज ‘होर्डिंग’ म्हणजे साठेबाजी. (रस्त्यावरील जाहिरातीचे होर्डिंग निराळे, त्याचे मूळ कुंपणाच्या फळ्यांत आहे.) राजाचा अर्थ गेला, सर्पाचा राहिला. गोदामातील पोती अडल्यानडल्या दिवसांसाठी आहेत की भाव चढण्यासाठी, हे पोत्यांकडे पाहून कोणालाच सांगता येत नाही. म्हणून हा शब्द ऐकला की प्रामाणिक व्यापारीही अस्वस्थ होतो.

‘बेओवुल्फ’ची जुनी हस्तलिखित प्रत एकच. 1731मध्ये लंडनला ती जेथे ठेवली होती त्या ॲशबर्नहॅम हाऊसला आग लागली. प्रत वाचली, पण पानांच्या कडा करपल्या आणि पुढे हात लागेल तशा झडू लागल्या. 18व्या शतकाच्या अखेरीस थोर्केलिन या विद्वानाने तिच्या दोन नकला मिळविल्या, एक स्वतः उतरून आणि एक लेखनिकाकडून, म्हणून नंतर झडलेली कित्येक अक्षरे आज आपल्याला ठाऊक आहेत. 1845मध्ये प्रत्येक पान कागदी चौकटीत बसविण्यात आले. झड थांबली, पण त्या चौकटीच्या पट्टीखाली काही अक्षरे झाकली गेली, आणि ती वाचण्यासाठी अभ्यासकांना पानामागून प्रकाश टाकावा लागला.