सांभाळणाऱ्यालाही सुट्टी हवी

घरात कुणाला स्मृतिभ्रंश, कुणाला पक्षाघात, कुणाला पार्किन्सन. अशा रुग्णाची फाइल घेऊन दवाखान्यात येणारी व्यक्ती बहुधा ठरलेली असते: बायको, सून किंवा लेक. रुग्णाबद्दल बोलून झालं की मी विचारतो, "तुमची झोप कशी आहे?" बऱ्याचदा उत्तराऐवजी नुसतं हसू येतं. बीपी मोजलं तर वाढलेलं निघतं, आणि स्वतःची गोळी आणायला वेळच झालेला नसतो.

याला नुसता थकवा समजू नका. अमेरिकेत १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, आजारी जोडीदाराची शुश्रूषा करताना ताण जाणवणाऱ्या वृद्धांमध्ये चार वर्षांतला मृत्यूचा धोका अशी जबाबदारी नसलेल्यांपेक्षा ६३ टक्के जास्त आढळला.

काही नातेवाईक मला सांगतात, "डॉक्टर, बाबांना झोपेची गोळी द्या, म्हणजे आम्हाला जरा झोप लागेल." त्यांची अडचण मला कळते. पण त्या गोळीच्या गुंगीत म्हातारं माणूस रात्री बाथरूमला उठतं, पडतं आणि खुब्याचं हाड मोडून घेतं. इथे औषधापेक्षा दुसऱ्या माणसाची गरज जास्त असते.

त्यासाठी दोन सोयी असतात. एक म्हणजे डे केअर: रुग्णाला सकाळी केंद्रात सोडायचं, संध्याकाळी घरी आणायचं. दुसरी रेस्पाइट केअर, म्हणजे विसावा: काही तास किंवा काही दिवस दुसऱ्या कुणीतरी जबाबदारी घ्यायची, घरी येऊन किंवा केंद्रात ठेवून. नातवाला पाळणाघरात ठेवताना कुणाला अपराधी वाटत नाही. आजोबांना सहा तास केंद्रात ठेवायचं म्हटलं की मात्र "लोक काय म्हणतील?" सुरू होतं. हे म्हणणारे लोक रात्री तीन वाजता डायपर बदलायला येत नाहीत, एवढंच मी म्हणेन.

शासनाचीही जबाबदारी आहेच. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अपंगत्व आणि बहुविकलांगता यांच्यासाठी १९९९ च्या कायद्याने नॅशनल ट्रस्ट स्थापन झाला. त्याने 'विकास' (डे केअर) आणि 'समर्थ' (विसावा) अशा योजना सुरू केल्या. म्हणजे ही कल्पना सरकारला परकी नाही. स्मृतिभ्रंश मात्र त्या यादीत नाही, आणि २०२३ च्या अंदाजानुसार देशात साठीपुढचे सुमारे ८८ लाख लोक या आजाराने ग्रस्त आहेत. तुमची आरोग्य विमा पॉलिसीही काढून बघा. 'रेस्पाइट केअर' हा शब्द त्यात सापडेल, पण खर्च न मिळणाऱ्या गोष्टींच्या यादीत!

आपल्या शहरांत ज्येष्ठांसाठी विरंगुळा केंद्रं आहेत, पण ती मुख्यतः चालत्याफिरत्या मंडळींसाठी. आठवड्यातून तीन दिवस तिथे दोन प्रशिक्षित मदतनीस आणि कमोड असलेलं, धरायला दांडे बसवलेलं स्वच्छतागृह मिळालं, तरी त्या वॉर्डातल्या कितीतरी घरांना मोकळा श्वास घेता येईल. नगरसेवक मत मागायला आले की हेही मागून बघा.

तोवर जवळपास केंद्र असेल, तर आधी स्वतः जाऊन दुपारच्या वेळी तासभर बसा. रुग्ण टीव्हीसमोर नुसते बसवून ठेवले आहेत की त्यांच्याशी कुणी बोलतंय, दाराला राखण आहे का, ठसका लागणाऱ्याला कसं भरवतात, हे पाहा. सुरुवात आठवड्यातून दोन अर्ध्या दिवसांनी करा. पहिले काही दिवस रुग्ण कुरकुरेल, "घरी चल" म्हणेल. लगेच माघार घेऊ नका. केंद्रात औषधांची वेळापत्रकासह चिठ्ठी आणि दोन फोन नंबर द्या. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला मात्र हलवण्यापेक्षा ब्युरोची मावशी किंवा गावाकडची बहीण चार दिवस घरी आलेली बरी. भावंडं पैसे पाठवत असतील तर त्यांच्याकडे वर्षातले पंधरा दिवसही मागा, तारखा ठरवून.